अडॉप्टरच्या पाठीवरचा क्रमांक : दिल्लीत घडलेल्या एका सक्तीचा इतिहास

लॅपटॉपच्या अडॉप्टरच्या पाठीवर अतिशय बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर छापलेला असतो. किती व्होल्ट, किती अँपिअर, कोणत्या देशात बनला, कचऱ्यात टाकू नये म्हणून काट मारलेली कचरापेटी, अशी चिन्हांची दाटी तेथे असते. त्या दाटीतच भारतीय मानक ब्युरोचे एक लहानसे चिन्ह असते. त्याच्या वरच्या अंगाला एका भारतीय मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. मात्र हा क्रमांक नसेल तर ती वस्तू भारतात बनवणे, आयात करणे, विक्रीसाठी साठवणे आणि विकणे हे सारेच बेकायदा ठरते. ही सक्ती फार जुनी नाही. तिचा जन्म दिल्लीतल्या दोन सरकारी इमारतींच्या दरम्यान झाला आणि तिची कसोटी दिल्लीच्याच बाजारपेठांत लागली.

त्यांपैकी पहिली इमारत म्हणजे बहादूरशाह जफर मार्गावरील मानक भवन. ६ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, भारतीय मानक संस्थेची स्थापना झाली. तिचे पहिले संचालक डॉ. लालचंद वर्मन हे होत. देशात तयार होणाऱ्या वस्तूंना मोजमाप असावे, खिळ्यापासून कापडापर्यंत प्रत्येक जिन्नस कसा असावा हे लिहून ठेवावे, हे या संस्थेचे काम. तिने लिहिलेले पहिले मानक १९५१ साली प्रसिद्ध झाले आणि ते राष्ट्रध्वजाचे होते. पुढे १९५२ च्या कायद्याने संस्थेला वस्तूंवर चिन्ह उमटवण्याची परवानगी देण्याचा अधिकार मिळाला. घराघरांत ‘आयएसआय मार्क’ म्हणून ओळखले गेलेले चिन्ह ते हेच. १ एप्रिल १९८७ रोजी या संस्थेचे कार्य नव्या कायद्याखाली भारतीय मानक ब्युरोकडे गेले. संस्थेचे नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी ‘आयएसआय’ हेच राहिले.

विजेच्या वस्तूंची तपासणी करण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा लाखो विजेच्या दिव्यांचा तो झगमगाट विमा कंपन्यांना धडकी भरवणारा होता. विल्यम हेन्री मेरिल नावाच्या तरुण अभियंत्याने तेथील विद्युत व्यवस्थेतील आगीचे धोके पाहिले आणि १८९४ साली तपासणीची प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग स्थापन झाला आणि विजेच्या उपकरणांची मानके देशोदेशी सारखी होऊ लागली. भारताची आजची बहुतेक इलेक्ट्रॉनिक मानके याच आयोगाच्या मानकांवर बेतलेली आहेत. कारण उघड आहे. २३० व्होल्टचा धक्का माणसाचा देश विचारत नाही.

भारतात आयएसआय चिन्हाची पद्धत कारखान्याभोवती बांधलेली होती. अर्ज आला की अधिकारी कारखान्यात जाई, तेथील तपासणीची साधने पाही, नमुने काढी आणि मग परवाना देई. परवाना दिल्यानंतरही भेटी चालू राहत. मुळात हे चिन्ह ऐच्छिक होते. परंतु इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड, वायर, स्विच यांसारख्या वस्तूंमुळे जीव जातात हे ध्यानात आल्यावर सरकारने घरगुती विद्युत उपकरणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून चिन्ह सक्तीचे केले. २००३ च्या आदेशात विजेच्या तारा, केबल आणि उपकरणे एकत्र आली. इस्त्रीचा कारखाना लुधियानात किंवा ठाण्यात असला, तिची रचना दहा-दहा वर्षे बदलत नसली, तर ही पद्धत उत्तम चालते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे तसे नव्हते. त्यांचा कारभार दुसऱ्या इमारतीत, लोधी रोडवरील सीजीओ संकुलातल्या इलेक्ट्रॉनिक्स निकेतनमध्ये होता. भारतात इलेक्ट्रॉनिक्सचा सरकारी विचार सुरू झाला तो १९६३ साली नेमलेल्या डॉ. होमी भाभा यांच्या समितीपासून. तिचा अहवाल १९६६ मध्ये, भाभांच्या निधनाच्या वर्षीच आला. १९७० साली स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स विभाग निर्माण झाला. त्या काळातील चिंता स्वावलंबनाची होती. सुटे भाग देशात बनावेत, परकी चलन वाचावे, संरक्षणाची गरज भागावी, हे विषय अग्रक्रमाचे होते. ग्राहकाच्या हाताला शॉक लागेल काय, हा प्रश्न फारसा ठळक नव्हता, कारण ग्राहकाच्या घरात इलेक्ट्रॉनिक वस्तूच थोड्या होत्या. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ते पाहू शकणारे संच बोटांवर मोजण्याइतके होते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्रवाणी आली आणि संच मध्यमवर्गीय दिवाणखान्यात शिरला.

खरा पालट १९९७ नंतर झाला. त्या वर्षी भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराला मान्यता दिली आणि २००५ पर्यंत संगणक, त्यांचे भाग, दूरसंचार उपकरणे यांवरील आयातकर शून्यावर आणला. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, करोल बागेतील गफ्फार मार्केटमध्ये, लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये माल येऊन पडू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतही तेच चित्र दिसू लागले. स्वस्ताईचा लाभ निर्विवाद होता. विद्यार्थ्यांच्या हाती संगणक आला, छोट्या कार्यालयांत प्रिंटर आला. पण त्या मालात काय चांगले आणि काय धोक्याचे, हे पाहण्याची चाळणी बंदरावरही नव्हती आणि बाजारातही नव्हती.

इतर देशांनी अशी चाळणी आधीच लावली होती. युरोपात कमी दाबाच्या विद्युत उपकरणांचा निर्देश १९७३ पासून होता. जपानमध्ये विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचा कायदा त्याहूनही जुना होता. चीनने २००२ मध्ये स्वतःचे सक्तीचे प्रमाणन सुरू केले. म्हणजे एखाद्या कारखान्याचा माल टोकियोत, हॅम्बुर्गमध्ये किंवा शांघायमध्ये विकता आला नाही, तरी तो मुंबईच्या न्हावा-शेवा बंदरात बिनदिक्कत उतरू शकत होता. सरकारी कृतिदलाने २००९ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार २००८-०९ साली देशातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मागणी सुमारे ४५ अब्ज डॉलर होती आणि २०२० पर्यंत ती ४०० अब्ज डॉलरवर जाण्याचा अंदाज होता. उत्पादन त्या वेगाने वाढणार नव्हते. म्हणजे उरलेला सगळा माल बाहेरून येणार होता.

या पार्श्वभूमीवर ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती-तंत्रज्ञान वस्तू (सक्तीच्या नोंदणीची आवश्यकता) आदेश, २०१२’ राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स धोरणही संमत केले. आदेश काढला इलेक्ट्रॉनिक्स निकेतनाने, अंमलबजावणी सोपवली मानक भवनाकडे. पहिल्या यादीत पंधरा प्रकार होते. लॅपटॉप आणि टॅबलेट, ३२ इंच व त्याहून मोठे दूरचित्रवाणी संच, मॉनिटर, प्रिंटर, स्कॅनर, मायक्रोवेव्ह ओव्हन, सेट-टॉप बॉक्स, व्हिडिओ गेम, बिनतारी कीबोर्ड, एवढेच काय, विजेवर चालणारे घड्याळसुद्धा तीत होते. मानकात न बसणारा माल वापरता येणार नाही इतका मोडतोड करून भंगारात काढावा, अशी कडक तरतूदही आदेशात होती. परदेशी ग्राहकाच्या मागणीप्रमाणे निर्यातीसाठी बनवलेल्या मालाला मात्र सूट होती.

या आदेशाची रचना समजून घेण्याजोगी आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने शेंझेन, तैवान, कोरिया, मलेशिया असे पसरलेले, आणि दर सहा महिन्यांनी नवे मॉडेल. प्रत्येक ठिकाणी दिल्लीहून अधिकारी पाठवायचा म्हटले तर तो पोहोचेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेले असे. म्हणून कारखान्याच्या भेटीऐवजी प्रयोगशाळेचा अहवाल हा पाया मानण्यात आला. उत्पादकाने आपल्या वस्तूचा नमुना ब्युरोने मान्यता दिलेल्या भारतातील प्रयोगशाळेत द्यायचा. तपासणीचा अहवाल मिळाला की नव्वद दिवसांच्या आत अर्ज करायचा. आपला माल मानकाप्रमाणे आहे, हे उत्पादकाने स्वतः जाहीर करायचे. कागदपत्रे पुरी असतील तर ब्युरो नोंदणी क्रमांक देई. आरंभी वस्तूवर ‘स्वयंघोषणा’ असे शब्दच छापावे लागत, त्यांची जागा पुढे मानक चिन्हाने घेतली. नोंदणी कारखान्यागणिक, ब्रँडगणिक आणि वस्तूच्या प्रकारागणिक वेगळी असते. परदेशी उत्पादकाला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, म्हणजे काही बिघडले तर जबाब द्यायला कोणीतरी या देशाच्या कायद्याच्या कक्षेत असतो.

प्रयोगशाळेत नेमके काय पाहतात? दिल्लीच्या परिसरात ओखल्यात इलेक्ट्रॉनिक्स विभागाची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहे आणि गाझियाबादजवळ साहिबाबादला ब्युरोची मध्यवर्ती प्रयोगशाळा. या योजनेमुळे नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात खासगी प्रयोगशाळांचाही व्याप वाढला. लॅपटॉपच्या अडॉप्टरचे उदाहरण घेऊ. त्याच्या पोटात एका बाजूला भिंतीतून आलेले २३० व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला माणसाच्या हाताला लागणारी वीस-एक व्होल्टची तार. या दोहोंच्या मधले विद्युतरोधन हाच माणूस आणि मृत्यू यांच्यामधला पडदा. आयएस १३२५२ या मानकात हा पडदा दुहेरी किंवा बळकट असावा, असे सांगितले आहे. घरगुती विद्युतदाबासाठी पृष्ठभागावरून मोजलेले अंतर साधारण पाच मिलिमीटर असावे लागते. मग त्या रोधनावर सुमारे ३००० व्होल्टचा दाब मिनिटभर ठेवतात. रोधन फुटले तर नमुना नापास. स्वस्त अडॉप्टरमध्ये नेमकी हीच काटकसर केलेली असते. ट्रान्सफॉर्मरवरील पट्टीचा एक वेढा वगळला, सर्किटवरील दोन रेघा जवळ आणल्या, की काही पैसे वाचतात. बाहेरून काहीच कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात ओल धरली, किंवा जनित्र बदलताना दाब उसळला, की ते उघड होते.

आदेश निघाला, पण अंमल सहज झाला नाही. आरंभीची मुदत ३ एप्रिल २०१३ होती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा थोड्या, नमुने अतोनात, अशी कोंडी झाली. मुदत ३ जुलै २०१३ पर्यंत वाढवावी लागली आणि ज्यांचे नमुने प्रयोगशाळेत अडकले होते त्यांना पुढेही सवलत द्यावी लागली. मोठ्या कंपन्यांचे म्हणणे असे की, हाच माल आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे परदेशी प्रयोगशाळेत तपासलेला असताना भारतात पुन्हा कशासाठी तपासायचा? ही आयात रोखण्याची आडवाट आहे, अशी कुजबुजही व्यापारात होती. सरकारचे उत्तर असे की, परदेशातून आलेल्या कागदावर विसंबून इतकी वर्षे काढली, त्याचा परिणाम बाजारात दिसतोच आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. हा आदेश ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी होता आणि देशी उद्योगाला आधार देण्यासाठीही होता. तो ज्या खात्याने काढला, त्या खात्याचे काम उद्योग वाढवण्याचे होते, हे विसरून चालत नाही.

लहान व्यापाऱ्याची अडचण याहून वेगळी होती. नेहरू प्लेसमधला जो दुकानदार दुसऱ्याच्या कारखान्यातून माल घेऊन त्यावर स्वतःचे नाव छापून विकत असे, त्याला आता प्रत्येक नावासाठी आणि प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी नोंदणी आवश्यक झाली. तपासणीचा खर्च वस्तूच्या संख्येवर अवलंबून नसतो. लाखभर नग विकणाऱ्यास तो नगाला पैशांत पडतो, पाचशे नग विकणाऱ्यास रुपयांत. नोंदणीने बाजार अधिक सुरक्षित केला, तसाच तो काही प्रमाणात मोठ्यांच्या हाती एकवटला. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्यापि मिळालेले नाही.

१३ नोव्हेंबर २०१४ च्या अधिसूचनेने आणखी पंधरा प्रकार यादीत आले. मोबाइल फोन, बॅटऱ्या, पॉवर बँक, पॉवर अडॉप्टर, यूपीएस, एलईडी दिवे अशा रोजच्या वापराच्या वस्तूंवर योजनेचा खरा भार आता पडला. योगायोग असा की, ५ जानेवारी २०१५ रोजी दिल्लीतूनच उजाला योजनेचा आरंभ झाला आणि एलईडी दिव्याची किंमत झपाट्याने उतरली. वीज वाचली, बिले घटली. त्याचबरोबर शेकडो नवे ब्रँड उगवले. एलईडी दिव्याच्या मानकानुसार दिवा आधी दोन दिवस दमट हवेत ठेवतात आणि मग हाताला लागणारा भाग व विजेचा भाग यांच्यामधला रोध किमान चार मेगाओहम भरतो का, ते पाहतात. कोकणातल्या श्रावणात ओल्या हाताने दिवा बदलणाऱ्यास या चाचणीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. २०१७ मध्ये नील्सन या संस्थेने दिल्ली, मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील दोनशे दुकानांची पाहणी केली. तीत एलईडी दिव्यांचे ७६ टक्के ब्रँड सुरक्षिततेच्या नियमांत न बसणारे आढळले. ही पाहणी दिवे बनवणाऱ्यांच्या संघटनेने पुढे आणली होती, आणि प्रतिस्पर्धी दूर व्हावेत यात त्या संघटनेचा स्वार्थ होता, हे लक्षात ठेवूनही तो आकडा लहान नाही. सक्ती लागू होऊन दोन वर्षे झाली होती आणि बाजाराचा मोठा भाग तिच्या बाहेरच होता.

त्याच सुमारास जगाला आणखी एक धडा मिळाला. २०१६ च्या ऑगस्टअखेर एका नामांकित कंपनीच्या गॅलेक्सी नोट सात या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, भारतासह अनेक देशांत विमानात तो वापरण्यास मनाई झाली, आणि ऑक्टोबरात त्याचे उत्पादनच थांबले. चांगल्या प्रयोगशाळा असलेल्या कंपनीकडूनही चूक होऊ शकते, हे त्यातून दिसले. लिथियम बॅटरीच्या मानकात सेल चिरडून, शॉर्ट करून, १३० अंश सेल्सियसला दहा मिनिटे तापवून पाहतात. तो पेटू नये, फुटू नये, ही अट असते. पण चाचणी नमुन्याची होते आणि बाजारात जातात ते लाखो नग. म्हणूनच बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासण्याची तरतूद या योजनेत आहे आणि नापास ठरलेल्याची नोंदणी रद्द होऊ शकते.

याच योजनेच्या आधारे मराठी वाचकाला जवळची अशी एक गोष्टही घडली. आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागाने देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइल फोनवर बावीस भारतीय भाषांतील संदेश वाचता येणे सक्तीचे केले. इंग्रजी आणि हिंदीखेरीज किमान आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोयही त्यात सांगितली. स्वस्तातल्या फोनवर मराठी संदेशाऐवजी रिकामे चौकोन दिसत, ते दिवस सरले यात या नोंदणीचाही वाटा आहे.

२०१६ साली मानक ब्युरोचा नवा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २०१७ पासून तो अमलात आला. १९८६ च्या कायद्यात शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अशी होती. नव्या कायद्याने कैद दोन वर्षांपर्यंत नेली आणि दंड पहिल्या गुन्ह्यास किमान २ लाख, पुढच्यास किमान ५ लाख असा ठेवला. मालाच्या किमतीच्या दहा पटींपर्यंत तो वाढवता येतो. यादीही वाढत जाऊन साठाहून अधिक प्रकारांवर पोहोचली. एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी माहितीच्या सुरक्षिततेच्या अटी जोडण्यात आल्या. शॉक आणि आग यांपासून सुरू झालेली तपासणी अशा रीतीने घरातली दृश्ये कोणाकडे जातात, या प्रश्नापर्यंत आली.

दरम्यान बाजार दुकानातून गोदामात गेला. १९ मार्च २०२५ रोजी ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी दिल्लीच्या मोहन कोऑपरेटिव्ह औद्योगिक वसाहतीत एका बड्या ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामाची झडती घेतली. ती पंधरा तासांहून अधिक चालली. सरकारी निवेदनानुसार गीझर, मिक्सर अशा साडेतीन हजारांहून अधिक विद्युत वस्तू, सुमारे ७० लाख रुपयांच्या, आवश्यक चिन्हाअभावी जप्त झाल्या. या वस्तू जुन्या आयएसआय चिन्हाच्या कक्षेतल्या होत्या, पण प्रश्न तोच होता. विक्रेता दिसत नाही, दुकानाचा पत्ता नाही, तेव्हा जबाबदार कोण?

क्रमांक छापणे सोपे असते, हे खोट्या मालाच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यावर जुलै २०२० मध्ये आलेले ‘बीआयएस केअर’ हे अॅप हा साधा उपाय आहे. वस्तूवरचा ‘आर’ क्रमांक त्यात घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे समजते. पॉवर बँकेवर छापलेला क्रमांक दूरचित्रवाणी संचाचा निघाला, तर पुढचे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिकागोच्या दिव्यांपासून साहिबाबादच्या प्रयोगशाळेपर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यात कायदा झाला, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, दंड ठरले. उरलेली शेवटची तपासणी दुकानाच्या फळीपाशी व्हायची आहे, आणि ती ग्राहकालाच करावी लागते. शंभर रुपये स्वस्त मिळणारा चार्जर हाती घेतल्यावर तो उलटा करून पाठीवरची बारीक अक्षरे वाचायला अर्धा मिनिट पुरतो. रात्रभर तो उशाशी लावलेला असतो आणि घर झोपलेले असते, म्हणून तो अर्धा मिनिट काढायचा.